कमल की कमाल: एका वाचनगटाचं आणि एका चोपडीचं प्रकरण

पुण्यात डेक्कनजवळ एका सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जमणारा हा वाचनगट. निवृत्त बँकवाले, दोन-तीन शिक्षिका, आयटीतली काही मंडळी, एम.ए. करणारा एक मुलगा. पुस्तकं निवडायचं आणि चर्चा रुळावर ठेवायचं काम माझ्याकडे असतं, कारण मी साहित्य शिकवते आणि नाही म्हणायला मला जमत नाही. त्या वर्षी आम्ही स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय कथा-कादंबऱ्यांतली सीमा हा विषय घेतला. म्हणजे फाळणी आलीच.

पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी सूर लावला, "विषय मोठा आहे, पण आपला नाही. महाराष्ट्रात फाळणी झालीच नाही." बऱ्याच माना डोलल्या. मराठी वाचकाच्या मनात हे वाक्य इतकं पक्कं बसलंय की ते कुणी तपासूनही बघत नाही. फाळणी पंजाब्यांची, फार तर बंगाल्यांची. आपण ती दूरदर्शनवर पाहिली.

मी भिवंडीचा दाखला दिला. १९७० साली भिवंडीत दंगल झाली तेव्हा भीष्म साहनी भाऊ बलराज यांच्याबरोबर तिथे गेले होते. ती उजाड घरं पाहून त्यांना १९४७च्या मार्चमधली रावळपिंडी आठवली आणि त्यातून 'तमस' लिहिली गेली. कादंबरीला १९७५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८८ साली दूरदर्शनवर मालिका लागली, तेव्हा आक्षेप आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन्हीकडे मालिका तरली. ती करणारे गोविंद निहलानी कराचीत जन्मलेले सिंधी. म्हणजे फाळणीवरची सगळ्यात गाजलेली हिंदी कादंबरी ठाणे जिल्ह्यातल्या एका दंगलीने बाहेर काढली. ज्येष्ठ सभासद म्हणाले, "हो, पण साहनी तरी पंजाबीच ना." मुद्दा तिथेच अडला.

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "काका, मी पिंपरी कॅम्पातली आहे." त्या सिंधी. चार्टर्ड अकाउंटंट, चाळिशीच्या आतल्या, मराठी आमच्यापैकी कित्येकांपेक्षा चोख. वर्षभर गटात येत होत्या आणि त्या सिंधी आहेत हे निम्म्या लोकांना तेव्हा कळलं. प्रकरण सुरू झालं ते इथून.

वाचन आणि बसत नसलेले माप

आम्ही तीन पुस्तकं क्रमाने घेतली. मंटोची कथा 'टोबा टेक सिंह', खुशवंत सिंगांची १९५६ची 'ट्रेन टू पाकिस्तान' आणि अमिताव घोषांची १९८८ची 'द शॅडो लाइन्स'. फाळणीच्या कुठल्याही अभ्यासक्रमात ही तीन असतातच, म्हणूनच मी ती घेतली होती.

मंटोच्या गोष्टीत लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला बिशन सिंह पंधरा वर्षं उभाच आहे. त्याचं गाव टोबा टेक सिंह आता हिंदुस्थानात की पाकिस्तानात, हे त्याला कुणी धड सांगत नाही. शेवटी दोन्ही देशांच्या तारांच्या मधल्या, कुणाच्याच नसलेल्या जमिनीवर तो कोसळतो. यावर आमच्या सिंधी ताई सगळ्यात जास्त बोलतील असा माझा अंदाज होता. बोलले ते बेळगावचे काका. "हे आमचं आहे," ते म्हणाले. "आम्ही घर सोडलं नाही, गाव सोडलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ला आमच्या खालचं राज्य बदललं. आमचे वडील त्याच खुर्चीवर बसून मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले." मग सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, १९६६चं सेनापती बापटांचं उपोषण, २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, हे सगळं ओघाने आलं. काकांना थांबवणं सोपं नसतं.

ही तुलना मला एका मर्यादेपर्यंत पटते. माणूस जागच्या जागी आणि गाव त्याच्या पायाखालून सरकतं, हा बिशन सिंहाचा पेच बेळगावच्या मराठी माणसाला आतून कळतो. पण काका कर्नाटकात गेले तरी भारतातच राहिले. त्यांना स्वारगेटवरून रात्रीची बस पकडून सकाळी घरी पोचता येतं. फार तर बसला कुणीतरी काळं फासलेलं असतं. व्हिसा लागत नाही. पाकिस्तानचा व्हिसा तर देशाचाही नसतो, तो नेमक्या शहरांपुरता मिळतो आणि बऱ्याच जणांना तिथे पोलिसांत जाऊन हजेरी द्यावी लागते. हा फरक मी मांडला तेव्हा काका थोडे नाराज झाले. ते आजही आहेत.

'ट्रेन टू पाकिस्तान'वर ताई एकच वाक्य बोलल्या, "आमच्याकडे आगगाडी नाही, बोट होती." कादंबरीतल्या मनो माजरासारखं गाव, पूल, रुळांवरून येणारी प्रेतांनी भरलेली गाडी, यातलं काहीच त्यांच्या घरच्या आठवणीत नाही. सिंधची फाळणी झालीच नाही. पंजाब आणि बंगाल कापले गेले, रॅडक्लिफची रेषा त्यांच्यातून गेली आणि ती कुठून गेली हे लोकांना १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर कळलं. सिंध अख्खा तिकडे गेला. तिथल्या हिंदूंना इकडचा अर्धा प्रांत नव्हता, जिथे आपली भाषा आणि पाटीवर आपली अक्षरं असतील. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर लोंढे बंदराकडे वळले. कराचीहून मुंबई, तिथून लष्कराच्या रिकाम्या बराकी: कल्याण कॅम्प, ज्याचं पुढे उल्हासनगर झालं, आणि पुण्याजवळ पिंपरी. ताईंचे आजोबा शिकारपूरचे. शिकारपूर म्हणजे हुंडीच्या, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीच्या, व्यवहाराची पेढी. तिथल्या सावकारांचा कागद एके काळी बुखारा-समरकंदपर्यंत वटत असे.

एक गोष्ट आमच्या गटात कुणालाच ठाऊक नव्हती. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. पुणे ही त्याच इलाख्याची पावसाळी राजधानी, म्हणजे शिकारपूर आणि सदाशिव पेठ एकाच सरकारच्या कागदावर होती. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची, १८५५ सालची शाळा आजही आहे. हे वैद्य सिंधच्या शिक्षण खात्यात अधिकारी होते. त्यांचं नाव या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

मराठी कादंबरी सिंधमध्ये पोचलीच नाही असं नाही. नेमाड्यांची 'हिंदू' (२०१०) मोहेंजोदडोच्या उत्खननापासूनच सुरू होते आणि मोहेंजोदडो ज्या लारकाणा जिल्ह्यात आहे तो शिकारपूरच्या शेजारीच. पण आपला सिंधचा रस्ता पुरातत्त्वातून जातो, पिंपरीतून जात नाही, एवढं मात्र खरं.

चोपडी

तिसऱ्या पुस्तकाच्या बैठकीला ताई एक वही घेऊन आल्या. लांबट, वरून शिवलेली, कापडी पुठ्ठ्याची चोपडी. आजोबांच्या ट्रंकेत होती. आजोबा ताईंच्या लहानपणीच गेले आणि घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती. "आजोबा आल्यावर बहुतेक लिहीत असणार," त्या म्हणाल्या. "काय झालं, कसे आले, ते." हॉलमध्ये एकदम शांतता. सगळ्यांना वाटलं, आपल्याला आपला मंटो सापडला.

त्या दिवशी चर्चेत 'द शॅडो लाइन्स' होती आणि तिने अपेक्षा आणखी वाढवल्या. त्या कादंबरीतली निवृत्त मुख्याध्यापिका असलेली आजी कलकत्त्याहून ढाक्याला विमानाने जायला निघते आणि वरून सीमेची रेषा दिसेल का, असं विचारते. इतकी माणसं मेली त्या अर्थी खाली काहीतरी दिसायलाच हवं, असं तिला वाटतं. ढाक्यातलं तिचं वडिलोपार्जित घर भावाभावांच्या भांडणात मधोमध भिंत घालून आधीच वाटलं गेलेलं, आणि ती भिंत संडासातूनही गेलेली. कादंबरीतला निवेदक पुढे ग्रंथालयात बसून १९६४ सालची जुनी वर्तमानपत्रं चाळतो, कारण त्याच्या लहानपणीची दंगल त्याच्या मित्रांपैकी कुणाला आठवतच नसते. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र अवशेष डिसेंबर १९६३ मध्ये नाहीसा झाला, पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्यात दंगल पेटली, मग कलकत्त्यात, मग ढाक्यात. निवेदकाचा लाडका काका त्रिदीब त्यातच मारला गेला. घरच्यांनी मुलांना तो अपघात म्हणून सांगितलेला. घरात दडवलेलं सत्य कागदात सापडतं, हे आम्ही वाचलं होतं, आणि समोर कागद होता.

पिंपरीतल्या एका वृद्ध सिंधी गृहस्थांकडे वही न्यायचं ठरलं. ते अरबी लिपीतली सिंधी सफाईने वाचतात, पत्नीला अजूनही त्याच लिपीत चिठ्ठी लिहून बाजारात जातात. सिंधीला अरबी की देवनागरी हा वाद फाळणीनंतर भारतात सुरू झाला आणि १९६७ साली भाषा आठव्या अनुसूचीत गेली तरी मिटला नाही. परिणाम असा की आजीची सिंधी नातीला ऐकू येते, वाचता येत नाही. ताईंच्या घरात हेच झालेलं.

गृहस्थांनी चष्मा लावला, वही उघडली, दोन पानं उलटली आणि परत दिली. "बेटा, ही सिंधी आहे, पण माझी नाही. ही वाण्यांची. माझ्या वडिलांना यायची."

सिंधमधले हिंदू व्यापारी हिशेब अरबी लिपीत ठेवत नसत. त्यांची स्वतःची लिपी होती. खुदाबादी म्हणा, हटवाणिका म्हणा. गावागावात तिचं वळण वेगळं आणि काना-मात्रा जवळजवळ नाहीत. १८६० च्या दशकात मुंबई सरकारने ती सुधारून, स्वरचिन्हं लावून प्रमाणित करायचं काम काढलं, आणि ते ज्यांच्याकडे दिलं ते हेच नारायण जगन्नाथ वैद्य. दुकानदारांनी मात्र आपली सवय सोडली नाही. घाईत लिहिणाऱ्याला मात्रा परवडत नाहीत.

म्हणजे ती आठवणींची वही नव्हती. उधारीची होती.

गटात ही बातमी आल्यावर जो हिरमोड झाला तो बघण्यासारखा होता. एका शिक्षिकाबाईंनी तर "अरेरे" असं म्हटलं, कुणी गेल्यावर म्हणतात तसं. मला यात प्रकरणाचा गाभा दिसतो. फाळणीची आठवण कशी असावी याचं एक माप आम्ही कथा-कादंबऱ्यांतून शिकलो होतो: विहीर, आगगाडी, हरवलेली मुलगी, मागे राहिलेला मित्र. त्या मापात न बसणारा कागद हाती आल्यावर आम्ही तो कमअस्सल ठरवायला निघालो.

कमल की कमाल

गटातल्या एका आयटीवाल्याने पुढचं काम हाती घेतलं. ही लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आलेली आहे. त्याने अक्षरांचा तक्ता छापला, मोबाईलवर पानांचे मोठे फोटो काढले आणि ताईंबरोबर बसून एकेक अक्षर जुळवू लागला. शिकारपुरी वळण तक्त्याशी पूर्ण जमत नव्हतं, पण आकडे बरेचसे लागत होते. अक्षरं ओळखू येण्याआधी ताईंना पानाची रचना कळली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आपल्या जुन्या कीर्द-खतावणीसारखंच. रुपये, आणे, पै. वर संवत २००३, पुढे २००४.

मग नावं. एक नाव तीन अक्षरी होतं: क, म, ल. उजवीकडे तीनशेच्या वर रुपये. त्या काळात ही लहान रक्कम नव्हे.

पुढच्या बैठकीत यावरच तासभर गेला. मात्रा नाहीत, तेव्हा हा कमल की कमाल? शिक्षिकाबाईंना तो कमालच हवा होता: हिंदू व्यापारी आणि मुसलमान गिऱ्हाईक, एकत्र नांदणारा सिंध, सूफी दर्गे, सिंधी कवी शहा लतीफ. ज्येष्ठ सभासदांना तो कमल वाटत होता, कारण "आपले लोक आपल्यातच व्यवहार करायचे." एका कोऱ्या मात्रेत प्रत्येकाने आपापली कादंबरी भरली. पिंपरीच्या गृहस्थांना फोन लावला तर ते म्हणाले, शिकारपुरात दोन्ही होते, बापाचं नाव लागल्याशिवाय सांगता येणार नाही. बापाच्या नावाच्या जागी शाई पसरली होती.

तेवढ्यात परभणीचा मुलगा बोलला. हा एम.ए. करणारा, एरवी गप्प. "तो कमल असो की कमाल, तो देणेकरी आहे. आपण सगळे सावकाराच्या बाजूने रडतोय. त्याच्या बाजूने बघितलं तर सावकार बोटीत बसला आणि कर्ज फिटलं." थोडी कुजबुज झाली. त्याने पुढे सुप्याची आठवण करून दिली. १२ मे १८७५ला आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि त्यांना हव्या होत्या त्या वह्याच. कर्जाचे कागद हुडकून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत शिकवतात ते हेच. सिंधमध्येही वाण्याचं कर्ज हे गावातलं जुनं दुखणं होतं आणि तिथे देणेकरी बहुतेक मुसलमान, धनको बहुतेक हिंदू.

माझ्या मते त्या वर्षातलं ते सगळ्यात उपयोगी बोलणं. फाळणीवरचं बरंचसं लेखन, चांगलं लेखनसुद्धा, गाव तुटण्याआधी तिथे जे होतं ते गोड करून ठेवतं. शेजारी शेजाऱ्याच्या लग्नात जेवत होता हे खरं, आणि शेजारी शेजाऱ्याला व्याज लावत होता हेही खरं. मराठवाड्याच्या मुलाला हे चटकन दिसलं याचं मला नवल वाटलं नाही. त्याच्या आजीकडे रझाकारांची भीती आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर शेजारच्या मुसलमान घरांचं काय झालं, या दोन्ही गोष्टी आहेत. तिच्याकडून त्याने दोन्ही ऐकल्यात, एकाच दमात.

ताईंना राग येईल असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी वही पुढे केली. "बरोबर आहे त्याचं. कुणाचं येणं बुडालं की कुणाचं तरी देणं वाचतं. पण हे बघा." त्यांनी शेवटची पानं उघडली. कागद तोच, शाई वेगळी, फिकट निळी. वर संवत २००५. म्हणजे १९४८च्या दिवाळीनंतर सुरू झालेलं वर्ष, घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तोवर कुटुंब पिंपरीच्या बराकीत होतं. खाली तीच नावं, त्याच क्रमाने, आणि तेच आकडे. क-म-ल तिथेही होता, आणे-पैसुद्धा जुळत होते. शिल्लक पुढे ओढलेली. जमेची बाजू कोरी. "बुडालेलं येणं वहीतून काढून टाकतात, त्याला आम्ही राइट ऑफ म्हणतो," ताई म्हणाल्या. "आजोबांनी तो केला नाही. आणि बघा, व्याज लावलेलं नाही."

त्यानंतर पानं संपतात. २००६चं पान नाही.

सरकारकडे दाखवण्यासाठी हे लिहिलं असेल का, असं कुणीतरी विचारलं. निर्वासितांचे क्लेम १९५०च्या कायद्याखाली नोंदवले गेले ते स्थावर मालमत्तेचे. घर, जमीन, दुकानाची जागा. दुकानातली उधारी त्यात धरली जात नव्हती. या आकड्यांना दोन्हीकडच्या कुठल्याही कचेरीत किंमत नव्हती, आणि शिकारपूरच्या त्या माणसाशिवाय ते कुणाला मान्य करता आले नसते. मग का लिहिलं? सवय म्हणून, परत जायची आशा म्हणून, दिवाळीला वही बदलायची म्हणून. ताईंच्या आईंचं मत अगदी साधं: "त्यांना दुसरं काय लिहिता येत होतं?"

प्रकरणातून काय हाती लागतं

साहित्याच्या वर्गात सीमा या गोष्टीचं फार लवकर रूपक होतं. आपण म्हणतो मनातल्या सीमा, भाषेतल्या सीमा, आणि मग रूपकावरच निबंध लिहितो. या चोपडीने निदान माझ्यापुरतं ते काम अवघड केलं. इथे सीमा म्हणजे व्यवहार थांबला ती तारीख, न वटणारा आकडा आणि तीन लिप्यांमध्ये विभागलेलं एक घर: आजोबांची वाण्यांची, पिंपरीच्या त्या गृहस्थांची अरबी, नातीची देवनागरी. नातीच्या घरात पापड प्रत्येक जेवणाला असतो, सिंधी नववर्षाचा चेटीचंड होतो, दालपकवान रविवारी होतंच. ओळख तेवढ्यावर टिकते असं आपण कौतुकाने म्हणतो. मला ते कौतुक जरा स्वस्त वाटतं. आजोबांनी काय लिहून ठेवलंय हे कळत नसताना दालपकवान किती दिवस पुरेल?

कादंबऱ्या यात निरुपयोगी ठरल्या असं मात्र नाही. उलट 'द शॅडो लाइन्स'चा निवेदक नसता तर आम्ही 'उधारीची वही' म्हणून चोपडी मिटवली असती. तो जुन्या फायलींत तारखा जुळवत बसतो, आणि सगळं जुळल्यावरही त्रिदीब नेमका का पुढे गेला हे त्याला धड सांगता येत नाही. पुरावा हाती लागूनही आठवण अपुरी राहते हे ती कादंबरी लपवत नाही. म्हणूनच मला ती या प्रकरणात मंटोपेक्षा कामाची वाटली. मंटोचा शेवट इतका धारदार आहे की वाचक तोच शेवट सगळीकडे शोधू लागतो.

चोपडीचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकावेत, कुणीतरी लेख लिहावा, एखाद्या संस्थेला द्यावी, असे प्रस्ताव आले. ताईंनी फोटो टाकायला स्पष्ट नकार दिला. "यात दुसऱ्यांची देणी आहेत. क्लायंटचे कागद मी कुणाला दाखवत नाही." आयटीवाल्याने आपल्या मोबाईलमधले फोटो त्यांच्यासमोर पुसले. नावं लावायचं काम आता त्या एकट्या करतात, तक्ता त्यांच्याकडे आहे. हा लेख त्यांनी वाचला, एक आकडा काढायला लावला, बाकी राहू दिलं.

पुढच्या वर्षासाठी सिंधी कथांचे हिंदी-मराठी अनुवाद घ्यायचे ठरले आहेत. पोपटी हिरानंदानी आणि सुंदरी उत्तमचंदानी यांच्यापासून सुरुवात, कारण दोघींच्या लेखनात बोटीतून उतरल्यानंतरचं आयुष्य आहे. एक बैठक सीमाभागावर, ती बेळगावचे काका घेणार आणि तिथे माझी मर्यादेची भाषा चालणार नाही असं त्यांनी आधीच बजावलंय. पहिली बैठक पिंपरीत घ्यावी असं ताईंनी सुचवलं. यावर कोथरूडकरांनी "एवढ्या लांब?" असं विचारलं. मेट्रो आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. निर्णय अजून झालेला नाही.